रेझिन दुप्पट का दिसतंय? सॅपमधली प्रॉडक्शन प्लॅनिंगची टेबलं वाचताना

प्रश्न थोडक्यात असा. जळगाव एमआयडीसीतल्या एका पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात प्लॅनिंगला नव्याने लागलेल्या इंजिनिअरकडे साहेबांनी रिपोर्ट मागितलाय: प्रत्येक प्रॉडक्शन ऑर्डरला कच्चा माल किती लागायला हवा होता, प्रत्यक्षात किती लागला, आणि पुढच्या महिन्यात काय कमी पडणार. कोणीतरी त्याला सॅपच्या, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, साठ टेबलांची यादी पाठवली. त्यातली चार-पाच जोडून पाहिली तर रेझिनची (पाइपच्या मुख्य कच्च्या मालाची) गरज दुप्पट येते, खर्च स्टोअरच्या वहीशी जुळत नाही, आणि एमडी०४ च्या, म्हणजे मालाची शिल्लक आणि गरज दाखवणाऱ्या, स्क्रीनवर दिसणारी तूट तर कुठल्याच टेबलात सापडत नाही. "सुरुवात कुठून करू?"

ती यादी आधी बाजूला ठेवा. मी अठरा वर्षं हेच करतोय. आधी एक्स्ट्रुडर लाइनच्या प्लॅनिंगला होतो, मग सॅप बसवणाऱ्यांमध्ये गेलो. माझं रोजचं काम पंधरा-वीस टेबलांत भागतं. तुमची अडचण टेबलं माहीत नसण्याची नाहीच. तीन वेगवेगळ्या जातीचे आकडे तुम्ही एकाच पंगतीला बसवलेत.

आपल्याकडच्या लग्नातली वरण-बट्टी डोळ्यासमोर आणा. आचाऱ्याच्या वहीत शंभर पानांची यादी असते: बट्टीचं जाडसर पीठ इतकं, तूरडाळ इतकी, तूप इतकं. लग्न आठशे पानांचं ठरलं की तो वहीवरून हिशेब करून किराणा दुकानाला चिठ्ठी लिहून देतो. चिठ्ठी गेल्यानंतर त्याने वहीत तुपाचं माप बदललं, तरी चिठ्ठीतलं माप तेच राहतं. आणि ऐनवेळी पाहुणे वाढले म्हणून पोराला पाठवून चार किलो तूप आणखी आणवलं, तर ते ना वहीत असतं ना चिठ्ठीत. ते फक्त दुकानदाराच्या बिलात सापडतं.

सॅपमध्ये वही म्हणजे बीओएम, कुठल्या मालात कुठले घटक किती याची यादी. चिठ्ठी म्हणजे प्रॉडक्शन ऑर्डर आणि तिच्यातलं रिझर्वेशन, म्हणजे तिच्यासाठी राखलेल्या मालाची नोंद. बिल म्हणजे मटेरियल डॉक्युमेंट, माल खरोखर हलला त्याची नोंद. "लागायला हवं होतं" हे चिठ्ठीतून काढायचं, "लागलं" हे बिलातून. तुम्ही दोन्ही आकडे वहीतून काढायला गेलात.

टेबलांची नावं विचित्र वाटतात कारण ती जर्मन आहेत. आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ साली जर्मनीत सॅप ही कंपनी काढली आणि टेबलांची बारशी त्यांच्या भाषेत झाली. नावाच्या शेवटी 'को' आला की कोप्फ, म्हणजे डोकं, वरचा मथळा. 'पो' आला की पोझिशन, म्हणजे खालची एकेक ओळ. म्हणून बीओएमला स्टको-स्टपो, रूटिंगला (माल कुठल्या कामांतून कुठल्या क्रमाने जातो त्या यादीला) प्लको-प्लपो, ऑर्डरला आफको-आफपो. 'मेंगे' म्हणजे नग किंवा वजन, प्रमाण; त्यामुळे रकान्याच्या नावात एमएनजी दिसलं की तिथे आकडा आहे हे समजून घ्यायचं. बीडीएमएनजी ही गरज, ईएनएमएनजी हे काढून घेतलेलं. एवढं जर्मन पुरतं. मी ही नावं आपण ऑफिसात उच्चारतो तशीच लिहितोय.

आता वही. मटेरियलची सर्वसाधारण माहिती मारामध्ये, प्लांटपुरती माहिती मार्कमध्ये. प्लॅनिंगवाल्याचं खरं घर मार्क. एमआरपी (कुठला माल किती आणि कधी लागेल हा सॅपचा हिशेब) कुठल्या पद्धतीने चालणार, लॉट साइज (एका खेपेला किती) काय, माल घरी बनतो की बाहेरून येतो, सेफ्टी स्टॉक किती, घरी बनवायला किती दिवस धरायचे, हे सगळं तिथे. एखाद्या मटेरियलला एमआरपीने काहीच सुचवलं नाही, तर शंभरातल्या नव्वद वेळा उत्तर मार्कच्या त्या एका ओळीत असतं.

बीओएम मात्र चार टेबलांत विखुरलेलं आहे आणि तुमचं रेझिन तिथेच दुप्पट झालं. मास्ट सांगतं की या मटेरियलला या प्लांटमध्ये कुठला बीओएम नंबर आहे आणि त्याचे किती पर्याय आहेत. स्टको हा मथळा. स्टपोमध्ये घटक. तुम्ही मास्टवरून बीओएम नंबर घेतला आणि थेट स्टपोला जोडलात. पण स्टपोमध्ये पर्यायाचा नंबर नसतोच! कुठली ओळ कुठल्या पर्यायात मोडते हे सांगणारं चौथं टेबल आहे, स्टास. ते मध्ये घेतलं नाही तर सगळ्या पर्यायांचे घटक एकत्र येतात.

तुमच्या कारखान्यात कंपाउंडचे, म्हणजे रेझिन आणि बाकी घटकांच्या मिश्रणाचे, बहुतेक दोन पर्याय असणार: एक निव्वळ नव्या रेझिनचा, दुसरा रिग्राइंड (दळलेला टाकाऊ माल) मिसळलेला. पहिल्यात पाच घटक, दुसऱ्यात सहा. स्टासशिवाय जोडलंत की अकरा ओळी आल्या आणि रेझिन दोनदा मोजलं गेलं. दुप्पट आकड्याचं गुपित एवढंच. स्टासमध्ये काढून टाकलेल्या ओळींवर खूणही असते, तीही बघा. चेंज नंबर (बदल कुठल्या तारखेपासून लागू हे सांगणारा क्रमांक) वापरून बीओएम बदलत असतील तर तारखेची अटही घालावी लागेल, नाहीतर जुनी नि नवी दोन्ही मापं येतील.

दुसरा खड्डा शंभर पानांचा. घटकाचं प्रमाण हे मथळ्यातल्या बेस क्वांटिटीमागे असतं, एका नगामागे नव्हे. तो आकडा स्टकोमध्ये, बीएमईएनजी या रकान्यात. समजा कंपाउंडचं बीओएम ११३ किलोचं आहे: रेझिन १००, कॅल्शियम कार्बोनेट १०, स्टॅबिलायझर आणि बाकी बारीकसारीक मिळून ३. पाइपवाले रेझिन शंभर धरूनच बोलतात, म्हणून बेस असा वाकडातिकडा येतो. मथळा न पाहता स्टपोमधला शंभर उचलला तर एक किलो कंपाउंडला शंभर किलो रेझिन लागतं असा रिपोर्ट साहेबांसमोर जाईल. गेलेला मी पाहिलाय.

हेच उदाहरण वरपर्यंत नेऊ. नव्वद एमएमचा सहा मीटरचा पाइप, समजा साडेसात किलोचा. पाइपचं बीओएम १०० नगांचं, त्यात कंपाउंड ७५० किलो आणि घटकाची घट २ टक्के. हजार पाइपची ऑर्डर काढली की चिठ्ठीत कंपाउंड ७,६५० किलो येईल. त्यात रेझिन साधारण ६,७७० किलो. पण ही शेवटची संख्या पाइपच्या ऑर्डरमध्ये दिसेलच असं नाही. कंपाउंड स्वतंत्र बनवून साठवत असाल, तर रेझिन कंपाउंडच्या ऑर्डरमध्ये असतं. कंपाउंड फँटम (फक्त कागदावरचा, वेगळा न साठवलेला टप्पा) ठेवलं असेल तर रेझिन पाइपच्याच ऑर्डरमध्ये उतरतं आणि शिवाय फँटमची स्वतःची ओळही तिथेच राहते. तेव्हा डीयूएमपीएस ही खूण असलेली ओळ वगळा, नाहीतर माल पुन्हा दोनदा.

रूटिंगची गोष्ट तंतोतंत अशीच, म्हणून भरभर सांगतो. मास्टच्या जागी मॅपल, स्टकोच्या जागी प्लको, स्टासच्या जागी प्लास, स्टपोच्या जागी प्लपो. वर्क सेंटर, म्हणजे मशीन किंवा लाइन, सीआरएचडीमध्ये. प्लपोमध्ये त्याचं नाव नसतं, आतला क्रमांक असतो. आणि कुठला बीओएम पर्याय कुठल्या रूटिंगबरोबर जायचा याची लग्नगाठ एमकॅलमध्ये, म्हणजे प्रॉडक्शन व्हर्जनमध्ये. ईसीसी या सॅपच्या जुन्या आवृत्तीत ती बांधली नाही तरी एमआरपी चालायची. एस/४हाना या नव्या आवृत्तीत एमआरपी बीओएम निवडते ती व्हर्जनवरूनच. ईसीसीचा मुख्य सपोर्ट एन्हान्समेंट पॅक ६ ते ८ असेल तरच २०२७ अखेरपर्यंत आहे, त्यामुळे तुमचा कारखाना अजून जुन्यावर असला तरी व्हर्जनं आत्ताच नीट करून ठेवायला सांगा.

आता चिठ्ठी. हा भाग सगळ्यात कामाचा.

ऑर्डरचा पहिला मथळा ए-यू-एफ-के या टेबलात: नंबर, प्रकार, कधी उघडली. तिथे मेंटेनन्सच्या आणि नेटवर्कच्या ऑर्डरीही राहतात, म्हणून ऑर्डर कॅटेगरी १० घ्या. प्रोसेस ऑर्डरी ४० मध्ये. प्रॉडक्शनपुरता मथळा आफको: एकूण प्रमाण, ठरलेल्या नि प्रत्यक्ष तारखा, आणि दोन फार महत्त्वाचे नंबर. एक रिझर्वेशनचा, तो रेसबीकडे नेतो. दुसरा एयूएफपीएल, तो ऑर्डरमधल्या ऑपरेशनकडे, म्हणजे आफव्हीसी आणि आफव्हीव्हीकडे नेतो. बाहेर पडणाऱ्या मालाची ओळ आफपोमध्ये: किती बनायचं, किती जमा झालं.

रेसबी हीच ती किराण्याची चिठ्ठी. ऑर्डर तयार होते त्या क्षणी बीओएम फोडून त्याची नक्कल इथे उतरते. ऑर्डर रिलीज होण्याआधी मास्टर डेटा पुन्हा वाचायला लावता येतो, पण कोणी तसं केलं नाही तर वहीत नंतर काहीही बदलो, चिठ्ठी तीच.

हे न कळल्यामुळे एका कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या काकांवर काय आलं ते सांगतो. महिन्याच्या मध्यात कंपाउंडमधलं कॅल्शियम कमी केलं गेलं. आधीच रिलीज झालेल्या ऑर्डरी जुन्या मापाने चालू राहिल्या, आणि ते बरोबरच होतं. महिनाअखेरच्या रिपोर्टने मात्र खर्चाची तुलना नव्या बीओएमशी केली. कॅल्शियम जास्त गेलं असं लाल अक्षरात आलं. मीटिंगमध्ये काकांना "गोण्या कुठे गेल्या" असं विचारलं गेलं. माणूस तीस वर्षं नोकरी केलेला, त्या रात्री जेवला नसेल. तो रिपोर्ट माझ्याच टीममधल्या एकाने लिहिला होता आणि मी तो न तपासता पुढे पाठवला होता. रेसबीवरून पुन्हा काढला तेव्हा तफावत गोणीभरसुद्धा निघाली नाही. मी जाऊन माफी मागितली, त्यांनी चहा पाजला आणि एवढंच म्हणाले, "भाऊ, आम्ही तर चिठ्ठी पाहूनच माल देतो." वही-चिठ्ठीचं हे सगळं मला तेव्हापासून सुचलेलं आहे.

रेसबी वाचताना पथ्यं आहेत. त्यात फक्त ऑर्डरींचा माल नसतो. प्लॅन्ड ऑर्डरींची (एमआरपीने सुचवलेल्या, अजून पक्क्या न झालेल्या) अवलंबी गरजही तिथेच असते, साध्या हाताने केलेल्या रिझर्वेशनही. बीडीएआरटी या रकान्यात एआर असेल तर ती पक्क्या ऑर्डरची, एसबी असेल तर प्लॅन्ड ऑर्डरची. तुमच्या पहिल्या प्रश्नासाठी फक्त एआर. एक्सएलओईकेमध्ये खूण असेल तर ती ओळ पुसलेली. टेबलातून जात नाही, नुसती खोडलेली असते. केझेडईएआर म्हणजे "आता आणखी द्यायचा नाही" अशी शेवटची खूण. ती पडली की उरलेली गरज शून्य धरायची, वजाबाकी काहीही येवो. आणि बीडीएमएनजी हे मटेरियलच्या मूळ युनिटमध्ये असतं. घटक टाकताना गोणीत टाकला असला तरी इथे किलो.

आता बिल. बहुतेक जण इथे आळस करतात. रेसबीतच ईएनएमएनजी हा "दिलेला माल" असा तयार रकाना आहे, मग तोच का घेऊ नये? त्याला तीन कारणं आहेत.

एक, त्याला तारीख नसते. ऑर्डर एप्रिलमध्ये सुरू होऊन मेमध्ये संपली तर एप्रिलचा खर्च किती हे तो सांगू शकत नाही. दोन, रात्रपाळीला लाइन अडली म्हणून कोणी ऑर्डर नंबर टाकून दोन गोण्या जादा दिल्या आणि रिझर्वेशनचा संदर्भ दिला नाही, तर तो माल ऑर्डरच्या खर्चात चढतो पण रेसबीच्या त्या ओळीला कळत नाही. ऐनवेळी पोराने आणलेलं तूप ते हेच. तुमचा रिपोर्ट ज्यासाठी हवाय ती गळती नेमकी इथे असते, आणि ईएनएमएनजी घेतला तर नेमकी तीच लपते. तिसऱ्या कारणाकडे जरा पुढे येतो.

म्हणून खर्च एमसेगमधून घ्या, पोस्टिंगची तारीख एमकेपीएफमधून. ऑर्डर नंबरवर २६१ या हालचालीची बेरीज, त्यातून २६२ म्हणजे परतीची वजाबाकी. एस/४हानामध्ये २०१५ च्या १५११ आवृत्तीपासून या दोन्हींचा डेटा मॅटडॉक नावाच्या एकाच टेबलात गेला आहे. एमसेग वाचलं तर उत्तर अजूनही येतं, पण मागे ते मॅटडॉकवरच बसवलेलं असतं; नवीन लिहायचंच असेल तर सरळ मॅटडॉकवर लिहा.

आता तिसरं. तुमच्याकडे रेझिन सायलोमधून जात असेल तर ते बहुधा बॅकफ्लश असणार. बॅकफ्लशमध्ये स्टोअरवाला वजन टाकत नाही. सुपरवायझर "चारशे पाइप झाले" असं कन्फर्मेशन करतो आणि सॅप चिठ्ठीतल्या मापाने चारशे पाइपचं रेझिन आपोआप खर्ची टाकतं. म्हणजे "हवं होतं" आणि "लागलं" हे दोन्ही एकाच मापाचे दोन फोटो. तफावत शून्य येणार. तुम्ही खूश, साहेब खूश, आणि खरी घट सायलोच्या तळाशी. ती बाहेर येते वार्षिक मोजणीत, ७०१-७०२ या हालचालींमध्ये, आणि तोवर ती कुठल्या ऑर्डरची हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. रेसबीत आरजीईकेझेड ही बॅकफ्लशची खूण आहे. रिपोर्टमध्ये तिचा वेगळा रकाना द्या. ज्या ओळींवर ती खूण आहे तिथे तफावतीचा आकडा छापूच नका, डॅश टाका. माझं हे मत सगळ्यांना आवडत नाही, पण खोटा शून्य छापण्यापेक्षा डॅश बरा.

बॅकफ्लश अडकतोही. त्या लोकेशनला सिस्टिममध्ये स्टॉक कमी असेल तर पाइप जमा होतात, पण रेझिनचा खर्च पडत नाही. तो कोगी या यादीत लटकतो. त्याचं टेबल एएफएफडब्ल्यू. मेच्या धावपळीत ट्रक दारात येतो, माल थेट सायलोत ओततात आणि जीआरएन (माल आल्याची नोंद) दुसऱ्या दिवशी होतो. तेवढ्या वेळात डझनभर ओळी कोगीत. महिनाअखेरचा रिपोर्ट चालवण्याआधी एएफएफडब्ल्यू रिकामं आहे का ते पाहा. रिकामं नसेल तर रिपोर्ट थांबवा आणि आधी ती यादी साफ करवून घ्या.

किती बनलं यासाठी आफरू, म्हणजे कन्फर्मेशनच्या नोंदी: चांगला माल, खराब माल, लागलेले तास. इथे रद्द केलेल्या नोंदींचा घोळ होतो. कन्फर्मेशन रद्द झालं की जुन्या ओळीवर एसटीओकेझेड ही खूण पडते आणि रद्द करणारी नवी ओळ तयार होते, तिच्यात एसटीझेडएचएल हा रकाना भरलेला असतो. दोन्ही वगळा. एकच वगळलीत तर चारशेच्या जागी आठशे किंवा शून्य असलं काहीतरी येईल.

स्टेटस जेस्टमध्ये. ऑर्डर नंबरच्या आधी ओआर लावला की तिथली चावी तयार. आय०००२ म्हणजे रिलीज, आय००१२ डिलिव्हर्ड, आय००४५ टेको (तांत्रिकदृष्ट्या काम संपलं), आय००४६ क्लोज्ड. जेस्टमधलं जुनं स्टेटस जात नाही, त्याला 'इनॅक्ट' अशी खूण लागते. टेको करून नंतर उलटवलेली ऑर्डर इनॅक्ट न पाहता वाचली तर ती बंद दिसते आणि तिची शिल्लक गरज रिपोर्टमधून गायब होते.

आता तिसरा प्रश्न: पुढच्या महिन्यात काय कमी पडणार. एमडी०४ वरचा आकडा तुम्हाला कुठल्याच टेबलात सापडला नाही, कारण तो कुठेच ठेवलेला नाही. तुम्ही एंटर दाबता तेव्हा सॅप स्टॉक, ऑर्डरी, रिझर्वेशन, खरेदीच्या ऑर्डरी, विक्रीची मागणी आणि अंदाज हे सगळं गोळा करून जागेवर बेरीज-वजाबाकी करतं. दोन मिनिटांनी पुन्हा दाबा, दुसरं उत्तर येऊ शकतं. एमडी०५ मध्ये दिसते ती एमआरपीच्या शेवटच्या रनची गोठवलेली यादी, तिचा मथळा एमडीकेपीमध्ये. पण एस/४हानात एमआरपी लाइव्ह (एमआरपी चालवायची नवी पद्धत) वापरत असाल तर ती यादी तयारच होत नाही.

तेव्हा टेबलं जोडून एमडी०४ पुन्हा बांधायचा हट्ट करू नका. मी तरुणपणी केला होता. तीन महिने गेले आणि तरी सेफ्टी स्टॉक आणि अंदाजाचं कन्झम्प्शन (विक्रीची ऑर्डर आली की अंदाज तेवढा घटणं) जुळेना. सॅपनेच दिलेलं बापी फंक्शन, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधून बोलावता येणारं तयार फंक्शन, आहे, नावातच मटेरियल स्टॉक रिक्वायरमेंट लिस्ट असं आहे. मटेरियल आणि प्लांट द्या, स्क्रीनवरचीच यादी ते परत देतं. तुमच्या कच्च्या मालाचे चाळीस-पन्नास कोड त्यातून फिरवा, काम झालं.

त्या यादीच्या मुळाशी काय आहे ते मात्र समजून घ्या. खानदेशात ठिबकच्या नळ्या आणि पाइप यांची मागणी आखाजीच्या सुमारास चढते आणि मृगापर्यंत टिकते. कपाशी आणि केळी दोन्हींची नवी लागवड डोक्यावर असते. म्हणून माल हिवाळ्यापासूनच बनवून ठेवतात. हा अंदाज पीबिम आणि पीबेड या जोडीत राहतो: पीबिममध्ये मटेरियल आणि आवृत्ती, पीबेडमध्ये तारीखवार प्रमाण. पीबेडमध्ये प्लॅन केलेलं आणि त्यातलं वापरून झालेलं असे दोन वेगळे रकाने आहेत. पीबिममध्ये आवृत्ती चालू आहे की नाही याची खूण असते. सेल्सवाल्यांनी मागच्या वर्षीचा अंदाज ००, या वर्षीचा ०१ असा टाकला आणि दोन्ही चालू राहिले, की एमआरपी दोन आखाज्यांचा माल बनवायला सांगते. रेझिनची खरेदी फुगली असेल तर पहिली शंका इथे.

एमआरपीने काढलेल्या प्लॅन्ड ऑर्डरी प्लाफमध्ये. त्यांच्या नंबरावर जीव लावू नका. पक्क्या केलेल्या नसतील तर पुढच्या रनला पुसून नव्या नंबराने येऊ शकतात, आणि प्रॉडक्शन ऑर्डरमध्ये बदलल्या की प्लाफमधून निघून जातात. जुना नंबर आफपोमध्ये नोंदलेला राहतो, बस. कालच्या प्लाफचा आजच्याशी मेळ घालायचा असेल तर रोज रात्री रनच्या आधी नक्कल वेगळी ठेवावी लागेल.

जाता जाता डाळ मिलवाल्यांसाठी, कारण जळगावात हा प्रश्न मला पाइपवाल्यांइतकाच विचारला जातो. तिथे बीओएम उलटं असतं: एक तूर आत, आणि डाळ, चुनी, टरफल असं बरंच काही बाहेर. यातलं काय को-प्रॉडक्ट (बरोबरीचा मुख्य माल) आणि काय बाय-प्रॉडक्ट (सोबत निघणारा दुय्यम माल) हे आधी ठरवा. को-प्रॉडक्टला आफपोमध्ये स्वतःची ओळ मिळते. त्यामुळे आफको आणि आफपो जोडून मथळ्यातल्या प्रमाणाची बेरीज केली तर एकच ऑर्डर दोन-तीनदा मोजली जाते. बाय-प्रॉडक्ट मात्र रेसबीतच घटकांच्या रांगेत बसतो, ५३१ या हालचालीसह. डेबिट-क्रेडिटची खूण पाहिली नाही तर मिळालेली चुनी खर्चात धरली जाते.

दोन बारीक गोष्टी, पण यांच्यावर लोकांचे दिवस जातात. एफ१ दाबून टेक्निकल इन्फर्मेशनमध्ये जे नाव दिसतं ते टेबलच असेल असं नाही. सीओ०३ मध्ये, म्हणजे ऑर्डर पाहायच्या स्क्रीनवर, घटकावर पाहिलंत तर रेसबीडी दिसेल. ती स्क्रीनपुरती रचना आहे, तिच्यात काही साठत नाही. शेवटचा डी काढा, टेबल हाती येतं. दुसरं, ऑर्डर नंबर टेबलात बारा अक्षरी असतो, पुढे शून्यं भरून. एक्सेलमध्ये आणलात की शून्यं उडतात आणि व्हीलुकअप सगळीकडे एनए दाखवतं. अंकी मटेरियल कोडचंही तेच; जुन्या सिस्टिममध्ये १८ अक्षरं, एस/४हानात ४०.

साहेबांना रिपोर्ट द्यायच्या आधी तीन ऑर्डरी हाताने ताडून पाहा. मागच्या महिन्यात सरळ पार पडून टेको झालेली एक, जिच्यात कन्फर्मेशन रद्द झालं होतं अशी एक, आणि जिच्यात जादा माल दिला गेला अशी एक. तिसरी कुठली हे सिस्टिममध्ये शोधत बसू नका, स्टोअरवाल्यांना विचारा. त्यांच्या वहीत ती लाल शाईने असते. तिन्ही ऑर्डरींत सीओ०३ चे घटक, तुमचा रिपोर्ट आणि स्टोअरची वही जुळली की पाठवा. दुसरीत फरक आला तर आफरूची अट तपासा. तिसरीत आला तर तुम्ही अजून ईएनएमएनजीच वाचताय.